पीएचडी झाली हे बायोडेटात लपवू का? डिचोलीच्या मुलीला उत्तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी, मग साडेपाच वर्षं पीएचडी, थिसिस सबमिट झालाय, वायवा (तोंडी परीक्षा) दोनेक महिन्यांत होईल, वय ३१. मधे दोन सेमिस्टर एका कॉलेजात लेक्चर बेसिसवर (तासांवर, कायम नोकरी नाही) शिकवलंस. वेर्ण्याला तीन औषध कंपन्यांत अर्ज केलेस, एकीकडून काही उत्तरच नाही, दुसरीकडे इंटरव्ह्यूत म्हणाले मॅडम तुम्ही ओव्हरक्वालिफाइड आहात, आणि तिसरीकडे क्यूसीत (औषधाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात) एमएस्सी फ्रेशरची जागा आहे. तर मावसभाऊ म्हणतो की पीएचडी काढून टाक, नुसती एमएस्सी दाखव, नोकरी नक्की. काढू का? आणि नाहीतर सरळ पोस्टडॉकला (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाला) जाऊ का?

नको काढूस बाय, अजिबात नको. मी २६ वर्षं फार्मात आहे, आधी क्यूसी, मग अ‍ॅनालिटिकल डेव्हलपमेंट (तपासणीच्या पद्धती बसवणारा विभाग), आणि गेली १०-१२ वर्षं इंटरव्ह्यू घेणाऱ्यांच्या बाजूला बसते. माझी पीएचडी पण ऑरगॅनिकचीच, तीही ताळगावच्या पठारावरच, म्हणजे गोवा विद्यापीठातच केलेली, त्यामुळे चवथीला सगळे पाहुणे जमले की "शिकणं अजून संपलं नाय?" हा प्रश्न कसा लागतो ते मला चांगलं माहीत आहे. तरीसुद्धा हे करू नकोस.

एमएस्सीनंतरची जवळजवळ सहा वर्षं बायोडेटात कोरी दिसणार, तिथे काय लिहिणार तू? घरी होते म्हणून? एक खोटं लिहिलं की त्याला टेकू द्यायला दुसरं लागतं. शिवाय कंपन्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करतात, विद्यापीठात विचारणा जाते, आधीच्या ठिकाणी फोन जातो, आणि तुझे पेपर तर तुझ्याच नावानं नेटवर आहेत, कुणीही नाव टाकलं की दोन मिनिटांत सापडतील. आमच्याकडे असा एक मुलगा आला होता, हात चांगला होता त्याचा, बोलण्यावरूनच कळत होतं, ऑफर लेटर पण निघालं, आणि मग व्हेरिफिकेशनमध्ये कळलं की तीन वर्षं पीएचडी करून त्यानं सोडली होती आणि हे कुठेच लिहिलं नव्हतं. ऑफर परत घेतली. पीएचडी सोडली हे कारण नव्हतंच, तसं त्यानं सांगितलं असतं तर कुणी विचारलंसुद्धा नसतं. लपवलं, एवढंच. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

आणि फार्मात ही गोष्ट दुसऱ्या कुठल्याही धंद्यापेक्षा जास्त जड पडते. इथे लॉगबुकात खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर चालत नाही, चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही, तारीख आणि कारण. एचपीएलसीचं (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचं) एखादं इंजेक्शन, म्हणजे एक चाचणी, बिघडलं तरी ते पुसून टाकता येत नाही, ऑडिट ट्रेलमध्ये (यंत्राच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत) राहतंच आणि का बिघडलं ते लिहावं लागतं. यूएसएफडीएचे, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाचे, इन्स्पेक्टर येतात तेव्हा नेमकं हेच उकरून बघतात, आणि फॉर्म ४८३ वर (त्यांच्या त्रुटींच्या यादीवर) डेटा इंटिग्रिटीचं, म्हणजे नोंदींच्या खरेपणाचं, ऑब्झर्वेशन लिहून गेले तर पुढचे कितीतरी महिने सगळा प्लांट त्याच्या मागे असतो. अशा ठिकाणी नोकरी मागणाऱ्या माणसानं स्वतःच्याच रेकॉर्डमधली साडेपाच वर्षं डिलीट केलेली असतील तर मी त्याच्या हातात लॉगबुक कसं देऊ?

आता ओव्हरक्वालिफाइड म्हणजे काय ते बघू. समोरचा माणूस हा शब्द वापरतो तेव्हा तुझ्या डिग्रीवर त्याचा राग नसतो, त्याला तीन गोष्टींची भीती असते आणि त्या तो तोंडानं बोलत नाही. एक, ही सहा महिन्यांत कॉलेजात लागेल नाहीतर परदेशी जाईल आणि मला परत जागा भरावी लागेल. दोन, हिचा सुपरवायझर बीएस्सी झालेला आहे, १५ वर्षांचा अनुभव असलेला, त्याचं ही ऐकेल का. तीन, ही पगार जास्त मागेल. बस, एवढंच. पैकी दुसरी भीती सगळ्यात खरी आहे हं, ती हसण्यावारी नेऊ नकोस, कारण अशी भांडणं मी सोडवलेली आहेत.

१९९९ ला माझी पीएचडी झाली आणि पहिल्याच इंटरव्ह्यूत त्या साहेबांनी माझी फाइल चाळली आणि म्हणाले, तुम्ही इथे टिकणार नाही. मी गप्प बसले. वाटलं, आता यावर काय बोलायचं, डिग्री तर बोलतेच आहे ना. ती नोकरी हातची गेली. दुसऱ्या ठिकाणी तोच प्रश्न आला तेव्हा मात्र मी सांगितलं की माझ्या कामात एका कंपाउंडसोबत कायम एक छोटी अशुद्धी यायची, ती काय आहे ते शोधायला मला चार महिने लागले, कॉलम किती वेळा लावला, शेवटी वेगळी काढून एनएमआर आणि मास (रेणूची रचना सांगणाऱ्या तपासण्या) घेऊन रचना कशी ठरवली, आणि मग रिअ‍ॅक्शनचं तापमान बदलून ती येणंच कसं बंद केलं. एवढं सांगितल्यावर त्यांनी डिग्रीबद्दल पुन्हा विचारलं नाही. म्हणाले, सोमवारपासून येता का.

म्हणून तुला सांगते, पीएचडी लपवायची नाही पण नुसती मिरवायची पण नाही. ती त्यांच्या भाषेत सांगायची. तुझा बायोडेटा मी पाहिलेला नाही पण पैजेवर सांगते की पहिल्या पानावर थिसिसचं तीन ओळींचं टायटल आहे, त्याखाली गाइडचं नाव, त्याखाली पेपरांची यादी आणि कॉन्फरन्सेस. एचआरवाल्या मुलीला यातलं काहीही कळत नाही, आणि जिला कळतं ती क्यूसी हेड ते वाचायला वेळ काढत नाही.

त्याऐवजी असं कर. तुझ्या लॅबच्या वह्या काढून बस, सगळ्या, पहिल्या वर्षापासूनच्या. आणि दोन दिवस नुसती यादी कर की हातानं काय काय केलंस. किती कंपाउंड बनवली, किती ग्रॅमपर्यंत स्केल नेलं, एचपीएलसी स्वतः चालवलास की सॅम्पल देऊन आलीस (हा फरक इंटरव्ह्यूत पाच मिनिटांत बाहेर पडतो, म्हणून खरं लिही), मेथड स्वतः बसवलीस का, एनएमआर स्वतः वाचतेस का, केमिकलच्या ऑर्डरी कोण द्यायचं, बजेट कोण बघायचं, किती एमएस्सीच्या मुलांना प्रोजेक्टला हाताखाली घेतलंस, बंद पडलेलं उपकरण सुरू करायला इंजिनियरच्या मागे कोण लागायचं. हे सगळं काम आहे. विद्यापीठात त्याला कुणी काम म्हणत नाही, पण कंपनीत याच एकेका गोष्टीसाठी एकेक माणूस ठेवलेला असतो.

अशुद्धीचं उदाहरण मी मुद्दाम दिलं कारण तुझ्यासारख्या ऑरगॅनिकवालीची खरी किंमत तिथेच आहे. औषधाच्या मूळ द्रव्यात एखादा अनोळखी पीक (एचपीएलसीच्या आलेखातला उंचवटा) दिसला आणि तो ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला तर तो काय आहे हे ओळखून द्यावंच लागतं. आयसीएचचा (औषधांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा) क्यू३ए नियम आहे, रोजचा डोस २ ग्रॅमपर्यंत असेल तर ओळखण्याची मर्यादा ०.१० टक्के किंवा दिवसाला १ मिलिग्रॅम, यातलं जे कमी ते. ०.१० टक्के म्हणजे किती थोडं ते तुला सांगायला नको. तो पीक वेगळा काढायचा, किंवा तेच कंपाउंड वेगळं बनवून जुळवून बघायचं, एनएमआर लावायचं, रचना सांगायची, हे तू साडेपाच वर्षं करतेच आहेस की! फक्त तुझ्या थिसिसमध्ये त्याला बायप्रॉडक्ट म्हटलंय आणि इथे इम्प्युरिटी म्हणतात. २०१८ साली वलसार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए (कॅन्सरचा धोका असलेलं एक नायट्रोसामाइन) सापडलं आणि जगभर बॅचेस परत बोलवाव्या लागल्या, तेव्हापासून नायट्रोसामाइनचं काम इतकं वाढलंय की विचारू नकोस. एनडीएमएची रोजची मर्यादा ९६ नॅनोग्रॅम आहे. ते कुठल्या स्टेपला तयार होऊ शकतं, कुठला सॉल्व्हंट, कुठलं अमाइन, नायट्राइट कुठून आलं, हे कागदावर मेकॅनिझम काढून सांगणारा माणूस लागतो आणि ते काम फ्रेशरला जमत नाही. तुझ्या बायोडेटात एनडीएमए कुठेच नसेल, पण अमाइनची केमिस्ट्री असेल ना? मग ती वर आण.

आता गोव्यातली खरी परिस्थिती. वेर्णा, कुंडई, पिळर्ण इथले बहुतेक फार्मा प्लांट हे गोळ्या, कॅप्सूल, इंजेक्शन असं तयार औषध बनवणारे आहेत, मूळ द्रव्याचं सिंथेसिस आणि त्याचं संशोधन बऱ्याच अंशी बाहेर चालतं, हैदराबादला, मुंबईच्या आसपास, बंगळूरला. म्हणजे तू सिंथेटिक केमिस्ट म्हणून इथे अर्ज करत राहिलीस तर जागाच नाहीत. खोर्लीला सिंजेंटाचं संशोधन केंद्र आहे, तिथे कृषी रसायनांवर काम चालतं आणि सिंथेसिसवाल्यांना वाव आहे, तिथे अर्ज केलायस का? तुझ्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही म्हणून विचारते. बाकी इथल्या प्लांटमध्ये तुझ्यासाठी अ‍ॅनालिटिकल डेव्हलपमेंट, रेग्युलेटरी अफेअर्स (औषधाच्या मंजुरीची कागदपत्रं) आणि थोडंफार क्यूए (गुणवत्तेची यंत्रणा सांभाळणारा विभाग), एवढी दारं आहेत. रेग्युलेटरीत लिहिणं भरपूर असतं आणि थिसिस लिहिलेल्या माणसाला ते जमतं, त्यामुळे नुसतं क्यूसी क्यूसी करत बसू नकोस.

आणि एक स्पष्ट बोलते, राग मानू नकोस. आपल्या गोव्याच्या मुलांना बाहेर जायचं नसतं. घर, देऊळ, जत्रा, आई, सगळं मला कळतं, मी पण गेले नाही आणि मला जमलं, पण मी एमएस्सी केली तेव्हा माझ्या विषयात पीएचडी केलेली माणसं गोव्यात हातावर मोजण्याएवढी होती, आज तशी परिस्थिती नाही. हैदराबादला तीन वर्षं काढून परत आलेल्या माणसाला वेर्ण्यात लगेच घेतात, असे लोक मी स्वतः घेतलेत. निदान अर्ज तरी तिकडे टाक, जायचं की नाही ते ऑफर आल्यावर घरच्यांशी बोलून ठरव.

ती क्यूसी फ्रेशरची जागा घ्यायची का, तर माझ्या मते घ्यायला हरकत नाही, पण पीएचडी लिहून आणि तोंडावर सांगून. सांग त्यांना की सर, मला इंडस्ट्रीचा अनुभव नाही हे मला मान्य आहे, मी जीएमपी (औषध बनवण्याचे नियम) पहिल्यापासून शिकायला तयार आहे, शिफ्ट करायला तयार आहे, दोन वर्षं इथे आहे, त्यानंतर डेव्हलपमेंटमध्ये जागा झाली तर माझा विचार करा. वर सांगितलेल्या तिन्ही भीतींचं उत्तर त्यात येतं बघ. आणि मग दोन वर्षं खरंच राहा. फेलोशिपचे पैसे डोक्यातून काढ मात्र. २०२३ पासून जेआरएफला (ज्युनिअर फेलोला) महिना ३७,००० आणि एसआरएफला (सीनिअरला) ४२,००० मिळतात, वर एचआरए, आणि सुरुवातीचा पगार त्याहून कमी आला की अपमान झाल्यासारखं वाटतं. तो पगार अनुभवाचा असतो आणि फार्मात तुझा अनुभव आज शून्य आहे. डिचोलीहून वेर्णा म्हणजे जाऊन येऊन रोजचे तीन तास, कंपनीची बस तुमच्या बाजूनं येते का ते पगाराआधी विचार, नाईट शिफ्टला घरी कसं सोडतात ते पण विचार. मुली हे विचारायला लाजतात आणि मग चार महिन्यांत सोडतात.

आता कॉलेजच्या नोकरीचं. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज आहे म्हणून थोडं सविस्तर. असिस्टंट प्रोफेसरसाठी पीएचडी सक्तीची करायचं चाललं होतं, ते जुलै २०२३ मध्ये यूजीसीनं मागे घेतलं, आता नेट (देशपातळीवरची पात्रता परीक्षा), सेट किंवा स्लेट (राज्याची) ही किमान पात्रता आणि पीएचडी ऐच्छिक. तू नेट दिलेली नाहीस असं म्हणतेस. दे. पीएचडीवर सूट मिळते का, तुझी पीएचडी कुठल्या रेग्युलेशनखाली बसते, या वादात पडण्यापेक्षा सर्टिफिकेट हातात असलेलं बरं. आपल्याला सीएसआयआरची नेट लागते, केमिकल सायन्सेस, २०० मार्क, तीन तास, त्यात शंभर मार्क एकट्या पार्ट सीचे, ६० प्रश्नांतले २५ सोडवायचे. पीएचडी केलेली मुलं ऑरगॅनिकवर विसंबून राहतात आणि फिजिकल-इनऑरगॅनिकमध्ये मार खातात, कारण सहा वर्षं तिकडे बघितलेलंच नसतं. असिस्टंट प्रोफेसरशिपसाठी वयाची अट नाही, त्यामुळे ३१ ची काळजी सोड. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेत आलंय ती सेट पण भर.

पण पीएचडीचा फायदा नाही असं नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात कॉलेजसाठी शॉर्टलिस्टिंगचे मार्क दिलेत, त्यात पीएचडीला २५ आहेत आणि साध्या नेटला ८. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २, जास्तीत जास्त १०. हे मार्क फक्त इंटरव्ह्यूला बोलवण्यापुरते, पुढची निवड इंटरव्ह्यूवर. सरकारी कॉलेजची जागा गोवा लोकसेवा आयोगातून निघते, तिथे १५ वर्षांचा रहिवासी दाखला लागतो आणि कोकणी येणं आवश्यक, मराठी आलं तर चांगलं. घरी कोकणीच बोलतो ना, मग काय, असं म्हणून आपण जातो आणि कोकणीत विषय समजावून सांगा म्हटलं की गडबडतो, कारण केमिस्ट्री कधी कोकणीतून बोललेलोच नसतो. आरशासमोर उभी राहून सराव कर. दाखला मामलेदार कचेरीतून आधीच काढून ठेव, जाहिरात आल्यावर धावाधाव नको.

लेक्चर बेसिसबद्दल मात्र माझं मत कडक आहे. एक-दोन वर्षं ठीक, शिकवायची सवय होते, वर्गात उभं राहायची भीती जाते. पण जूनमध्ये बोलवायचं, मार्च-एप्रिलमध्ये सोडायचं, सुट्टीचे पैसे नाहीत, आणि पुढच्या वर्षी कायम करू म्हणून सांगत राहायचं, यात माझ्या बरोबरीच्या एका मैत्रिणीची नऊ वर्षं गेली. नऊ! ती आमच्या बॅचमधली सगळ्यात हुशार होती. नऊ वर्षांनी कंपनीत यायला बघत होती तेव्हा तिच्या हाताला उपकरणाची सवय राहिली नव्हती आणि मला तिला नाही म्हणावं लागलं. तू परत सेमिस्टर घेणार असशील तर तारीख ठरवून घे, अमुक महिन्यापर्यंतच, आणि ती घरी पण सांगून ठेव.

पोस्टडॉकचं उत्तर छोटं आहे. विद्यापीठात किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेत संशोधक व्हायचं असेल तर कर, आणि चांगल्या लॅबमध्ये कर, नवीन काहीतरी शिकायला मिळेल अशा. नोकरी मिळत नाही म्हणून वेळ काढायला करू नकोस, दोन वर्षांनी तू ३३ ची होशील आणि हाच प्रश्न परत विचारशील. दोनापावलाच्या एनआयओत (समुद्रविज्ञान संस्थेत), वास्कोच्या एनसीपीओआरमध्ये (ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्रात) प्रोजेक्टवर जागा निघतात, समुद्राच्या पाण्याचं, गाळाचं रसायनशास्त्र तुला परकं वाटेल पण एलसी-एमएस (एचपीएलसीला जोडलेलं मास) तेच असतं. पेटंट एजंटची परीक्षा हा पण एक रस्ता आहे, सायन्सची पदवी पुरते आणि पीएचडीवाल्यांना पेटंटमधले दावे वाचून समजतात, पण त्यात मी कधी काम केलेलं नाही, त्यामुळे त्या क्षेत्रातल्या कुणालातरी विचार.

जी मुलं आज पीएचडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत आणि हे वाचतायत त्यांच्यासाठी एवढंच, वरची ती यादी आत्तापासून महिन्याला एकदा लिहीत जा, आणि गाइडना विचारून एखादा महिना कंपनीत इंटर्नशिप मिळते का बघा. तुझ्यावर आता वेळ आलीय ती त्यांच्यावर येऊ नये.

शेवटी तू विचारलंस की वायवाला आईबाबांना आणलं तर चालेल का, हसतील का लोक. अगं कशाला हसतील? किती वायवांना मी घरची माणसं बसलेली पाहिलीत, गाइडना एकदा विचारून घे आणि खुशाल आण. आणि आदल्या रात्री जेवताना त्यांना सांगून बघ की तू साडेपाच वर्षं काय केलंस, कोकणीत सांग नाहीतर मराठीत, एकही केमिस्ट्रीचा शब्द न वापरता, पाच मिनिटांत. बाबा मधेच काहीतरी विचारतील, ते लिहून ठेव, कारण तोच प्रश्न कंपनीतला एचआर विचारणार आहे. आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पुढच्या रांगेत बसव.